एल्फ्रीडाच्या ट्रकची तांबडी तार

कॅन्ससमधल्या ग्रुनफेल्ड गावात गव्हाचा हंगाम जूनच्या मध्याला सुरू होतो आणि पंधरा दिवसांत उरकतो. वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने एल्फ्रीडा श्रागचा निळा ट्रक शेडमध्ये उभा असतो. त्रेसष्ट सालचा, सहा सिलिंडरचा, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. एल्फ्रीडा ट्रकपेक्षा आठ वर्षांनी मोठी. तेराव्या वर्षी वडिलांनी तिला त्यावर बसवलं, कारण घरात मुलगा नव्हता आणि थोरली लीओना गिअर टाकताना डोळे मिटायची.

पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात एल्फ्रीडाने एकतीस वर्षं पोरांना जेवू घातलं. शाळेला सुट्टी लागली की हंगाम यायचा, त्यामुळे एकही हंगाम चुकला नाही. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगायची, "एकजण आला होता विचारायला. पण जूनमध्ये आला. मला वेळ नव्हता."

ट्रकची देखभालही तिचीच. जुन्या इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन बारीक टिकल्या असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. त्या मिटतात, उघडतात आणि उघडताना ठिणगी पडते. त्यांच्यामधली फट केसभर इकडे-तिकडे झाली की इंजिन रुसतं. गावातले बाकीचे लोक ती फट काडेपेटीच्या पुठ्ठ्याने मोजत. एल्फ्रीडाच्या वडिलांना काडेपेटी म्हटली की सिगारेटचं पाप आठवायचं, म्हणून ते चर्चमधल्या रविवारच्या शाळेचं हजेरीचं कार्ड वापरत. इंजिन सुरू झालं की म्हणत, "लागली हजेरी."

अलीकडे हजेरी लागेनाशी झाली होती. साडेअकरा महिन्यांत टिकल्या गंजायच्या, आणि नवीन आणल्या तरी हंगामाच्या मध्यावर जळायच्या. गेल्या जूनमध्ये तर ट्रक सोसायटीच्या गोदामात ऐन वजनकाट्यावर बंद पडला. मागे बावीस ट्रक. गाव मेनोनाइट पंथाचं, शांतताप्रिय; ही माणसं आरडाओरडा करत नाहीत. बावीस जण खाली उतरले, आकाशाकडे बघत पावसाबद्दल शांतपणे बोलत राहिले, आणि मग चौघांनी ट्रक ढकलून बाजूला केला. कुणी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

यंदा मे महिन्याच्या शेवटी लीओनाचा मुलगा केंडल शेडमध्ये आला. शेती आता तोच बघतो. टोपी हातात घेऊन उभा राहिला, तेव्हाच एल्फ्रीडाने ओळखलं.

"मावशी, यंदा गहू न्यायला भाड्याची अठरा चाकी गाडी ठरवतोय."

"मला तिचा परवाना नाही."

"माहीत आहे."

"मग मी काय करायचं?"

"आईबरोबर शेतावर जेवण आणशील. सगळ्यांना तुझ्या हातचं आवडतं."

"एकतीस वर्षं वाढलंय मी जेवण. हंगामात मला गहू वाहायचाय."

केंडल मनाने वाईट नव्हता. आठशे एकर उभा गहू डोक्यावर होता, एवढंच. थोडा वेळ त्याने टोपी फिरवली. "पुढच्या शुक्रवारी सकाळी येतो. ट्रक धड चालू झाला, गोदामापर्यंत जाऊन परत आला, तर तू चालव. नाहीतर मी त्या अठरा चाकीवाल्याला होकार कळवतो."

म्हणजे ट्रक गेला तर तिची जागाही गेली. सत्तरीला आलेल्या बाईला हंगामात दुसरी जागा कोण देणार?

ती सुट्या भागांच्या दुकानात गेली. गल्ल्यामागे ऑर्लँडो यांट्झ होता. पहिलीपासूनचा वर्गमित्र, पंचावन्न वर्षं त्याच गल्ल्यामागे.

"पॉइंट दे, कंडेन्सर दे."

"मागच्या वर्षी दोन जोड नेलेस की."

"एक जळला."

"आणि दुसरा?"

"जपून ठेवलाय."

"मी वापरायला विकतो गं, जपायला नाही." त्याने खालच्या फळीवरून तळहाताएवढा खोका काढला. "हे बसव. इलेक्ट्रॉनिक आहे. टिकल्याच नाहीत. मधल्या दांड्यावर चुंबकाचं कडं, बाजूला हा काळा ठोकळा. घासत काही नाही, गंजत काही नाही."

"मग बिघडतं काय?"

"काही नाही."

"तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

"गुडघ्याला एवढं चांगलं पत्रक नव्हतं. घेऊन जा. वरून झाकण लावलं की कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना."

"तुला कळलं तर काय होतंय? गोष्टी पोटात ठेवण्यात तुझा हात कोण धरणार?"

बुधवारी दुपारी बहिणी कामाला लागल्या. लीओना चष्मा लावून पत्रक वाचायची, एल्फ्रीडा पाना चालवायची. जुने पॉइंट निघाले. ते तिने पुसले, तेलाचं बोट लावलं आणि पावाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवले.

"ते आता कशाला?" लीओना म्हणाली.

"असू देत. खात नाहीत काही. पुढे वाच."

"ठोकळ्याच्या दोन तारा. काळी ठिणगीच्या कॉइलच्या वजा टोकाला, तांबडी अधिक टोकाला."

तासाभरात काम झालं. एल्फ्रीडा वर चढली आणि तिने किल्ली फिरवली. इंजिनाने एका दमात पेट घेतला, इतक्या गोड आवाजात की लीओनाने टाळी वाजवली. एल्फ्रीडाने किल्ली सोडली आणि इंजिन गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा पेटलं. सोडली, पुन्हा गप्प. असं सात वेळा झालं.

"धरली की जिवंत, सोडली की मेलं," एल्फ्रीडा म्हणाली.

"मग धरूनच चालव."

"स्टार्टर जळेल."

"तूही लहानपणी अशीच होतीस. कडेवर घेतलं की गप्प, खाली ठेवलं की भोकाड. आईने नाही टाकून दिलं तुला."

एल्फ्रीडाला हसू आलं नाही.

गुरुवारी सकाळी लीओना थर्मासमध्ये कॉफी आणि टोपलीत झ्वीबाक नावाचे जोडपाव घेऊन आली. पावाच्या डोक्यावर बसवलेला छोटा पाव एल्फ्रीडाने नेहमीप्रमाणे आधी तोडून खाल्ला आणि खाता खाता म्हणाली, "धरण्यात आणि सोडण्यात काहीतरी फरक आहे. तो बघायला हवा. तू वर बस."

"मला गिअर टाकायला लावू नकोस."

"नुसती किल्ली फिरव."

तिने टेस्ट लॅम्प कॉइलच्या अधिकला टेकवला. "धर." दिवा लख्ख. "सोड." दिवा चर्चच्या तळघरासारखा मिणमिणता. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मग कॉइलपासून मागे जाणारी तार ती बोटाने चाचपत गेली. केबिनच्या पत्र्यावर बोटभर लांबीचा मळका तुकडा होता. इतकी वर्षं तिला तो पत्र्याचाच भाग वाटला होता. चिंधीने पुसला तर खालून पांढरी चिनीमातीची वीट निघाली. एका टोकातून तार आत, दुसऱ्यातून बाहेर.

तिने ऑर्लँडोला फोन लावला.

"अगं, तो रेझिस्टर," तो म्हणाला. "पॉइंट जळू नयेत म्हणून बॅटरीचा जोर निम्मा करून पुढे पाठवतो. स्टार्टर फिरत असताना मात्र त्याला वळसा घालून पूर्ण जोर जातो."

"म्हणजे काटकसर."

"काटकसरच. पण माझ्या ठोकळ्याला पूर्ण बारा व्होल्ट लागतात. त्याला काटकसर चालत नाही."

"हे त्या दिवशी का नाही बोललास?"

"पत्रकात आहे. मागच्या बाजूला."

लीओनाने पत्रक उलटं केलं. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत चौकट होती, चौकटीत त्याच विटेचं चित्र होतं. तिने चष्मा काढून पुसला.

"मला वाटलं, मागे तेच स्पॅनिशमध्ये असेल," ती म्हणाली.

आता एल्फ्रीडा हसली. इतकी हसली की तिला मडगार्डला धरून उभं राहावं लागलं. फोनमधून ऑर्लँडो विचारत राहिला, "काय झालं? अगं, झालं काय?"

"काही नाही. वीट काढून टाकू का?"

"नको, कॉइलला ती हवी. फक्त तांबडी तार तिथून काढ आणि विटेच्या किल्लीकडच्या टोकाला लाव."

तार दुसऱ्या टोकाला गेली. एल्फ्रीडाने किल्ली फिरवली, इंजिन पेटलं, किल्ली सोडली. इंजिन चालूच राहिलं. लीओनाने या वेळी टाळी वाजवली नाही. दोघी दहा मिनिटं नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या.

शुक्रवारी केंडल आला आणि शेजारच्या सीटवर बसला. ट्रक एका किल्लीत सुरू झाला. वाटेत समोरून येणाऱ्यांना एल्फ्रीडा स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करत होती आणि केंडल इंजिनाला कान लावून होता. गोदामात चिटपाखरू नव्हतं. ती रिकामा ट्रक वजनकाट्यावर घेऊन थांबली, इंजिन चालू ठेवून. जुनी सवय ती. रांगेत, काट्यावर, गहू ओतताना, तिने कधी इंजिन बंद केलं नव्हतं. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता.

केंडलने हात लांब करून किल्ली बंद केली.

"केंडल," ती म्हणाली.

"आता लाव."

काट्यावरचा माणूस खिडकीत आला. गेल्या वर्षी ढकलणाऱ्या चौघांपैकी तो एक. एल्फ्रीडाने किल्लीवर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. मग फिरवली. इंजिन लागलं.

केंडलने पुन्हा बंद केलं. "आता परत."

लागलं.

तो तिसऱ्यांदा हात लांब करायला लागला तशी तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. "ठोकळा झिजत नाही म्हणतात. किल्लीचं कुणी काही सांगितलेलं नाही."

केंडल हसला. तिथेच त्याने अठरा चाकीवाल्याला फोन लावून नको म्हणून सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "गहू पिकला की कापणी सुरू. पहिली खेप तुझी, मावशी."

हंगाम लागला त्या सोमवारी दुपारी गोदामाबाहेर अठरा ट्रकांची रांग होती. एल्फ्रीडाने ट्रक रांगेत लावला, किल्ली बंद केली आणि खाली उतरली. पुढच्या ट्रकचा विल्मर कोन बायकोने घेतलेल्या सहा शेळ्यांची कहाणी सांगत होता. इतकी वर्षं रांगेत तो काय काय सांगत असतो हे इंजिनाच्या आवाजात तिला कधी ऐकू आलं नव्हतं. दारावर कोपर टेकून ती ऐकू लागली. चौथ्या शेळीशी केबिनमधला वायरलेस खरखरला.

"मावशी, हार्वेस्टरची टाकी भरलीय. कुठे आहेस?"

"रांगेत."

"इंजिनाचा आवाज येत नाही. बंद पडला?"

"बंद पडला नाही रे," एल्फ्रीडा म्हणाली. "मी बंद केलाय. थांब जरा, दोन शेळ्या राहिल्यात."