डाव्या मुंढ्याची शिवण

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या वहिनींचा. सुकापूरच्या घरात दाराशी मशीन मांडून त्यांनी नवीन पनवेलच्या बायकांचे ब्लाऊज शिवले, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

नव्वदनंतरच्या एका दिवाळीला नोकरीच्या गावाहून, नाशिकहून, घरी आलो. वहिनी स्वतःच्याच ब्लाऊजच्या डाव्या मुंढ्याची, काखेजवळची शिवण उसवत होत्या.

"तिसऱ्यांदा ढिला करतेय. माजा हातच बिघडला."

"गिऱ्हाइकांचं बरं चुकत नाय!" दादा हसला.

मी मापाची टेप लावली. कापड दोन्हीकडे सारखं. कमी पडत होतं ते एकाच काखेत, आणि तिथे सुपारीएवढी गाठ होती.

आई म्हणाली, "अवधान हाय. बोटाला सुई लागली असंल." हाताला जखम झाली की काखेत अवधान येतं, आणि शिवणाऱ्या बाईला सुई टोचतेच. कुणाला शंका आली नाही. लेप लावला. मी वहिनींचा हात उजेडात धरून एकेक बोट पाहिलं. टोचल्याची खूण एकावरही नव्हती. अवधान ठणकतं, ही गाठ दाबली तरी गप्प. दिवाळी सरताच मी त्यांना मुंबईला नेलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी गाठ काढून तपासली. कॅन्सर निघाला. "पण हा काखेतला नाही," ते म्हणाले. "स्तनातून आलाय." स्तन हाताला साफ, क्ष-किरणांच्या फोटोतही साफ. दोनदा पाहिलं. आलेला पाहुणा समोर होता आणि तो ज्या घरातून आला तिथे कुणीच नव्हतं.

तरी स्तन काढावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. वहिनी नाही म्हणाल्या.

"दुखत नाय, दिसत नाय. मंग कापायचं काय, भावजी?"

मशीन चालवता चालवता मात्र त्या मध्येच थांबत. छातीवर हात ठेवून, आत कुणी हललं का ते ऐकल्यासारख्या.

मी नाशिकला परतलो आणि पत्र लिहिलं. वहिनी चौथी शिकलेल्या. दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून अक्षर मोठं काढलं. ते वाचून त्या तयार झाल्या. काढलेल्या स्तनात, अगदी खोल, मुगाच्या दाण्याएवढी गाठ सापडली. वहिनी वाचल्या. पत्र असं होतं:

"वहिनींना नमस्कार.

मी शिकलो, तरी ते कुठे आहे हे मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही ते दिसलं नाही, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ते आत आहे. आपण वाट पाहू तितकं ते वाढेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी रागावणार नाही, पण मला तुम्ही हव्या आहात. शनिवारी येतो. सोमवारी दवाखान्यात जाऊ. पिशवी भरून ठेवा.

तुमचा भावजी"