दोन्ही होड्या अलीकडच्या काठाला

ओइवा तुरुनेन जन्मला तो तळ्याच्या मानेवर. मोठं तळं तिथे आवळत येतं आणि पुढे पुन्हा पसरतं, म्हणून त्या जागेला सगळे मानच म्हणत. त्याचे वडील ओंडके वाहून नेणाऱ्यांपैकी होते. वसंतात बर्फ फुटला की ते लांब आकडीची काठी घेऊन पाण्यावर निघायचे ते थेट उन्हाळा सरताना परत यायचे. ओइवानेही तरुणपणी तेच केलं. पुढे ओंडके ट्रकवरून जायला लागले, तेव्हा तो जंगलात करवत चालवू लागला आणि हिवाळ्यात शेडमध्ये बसून होड्या बांधू लागला. त्याची होडी गळत नसे. त्याच्याबद्दल गावात याहून जास्त कुणी बोलत नसे आणि त्यालाही याहून जास्त बोललेलं आवडलं नसतं.

इर्याशी त्याचं लग्न झालं तेही तिच्याच पुढाकाराने. जून महिन्यातल्या शेकोटीच्या नाचात तिने त्याला गाठून सरळ विचारलं होतं. शेजारचा काउको ही गोष्ट चारचौघांत रंगवून सांगायचा. "ओइवा काय म्हणाला माहितीये? म्हणाला, उद्या जाळी काढायचीयेत." त्यावर इर्या म्हणायची, "मी अजून उत्तराचीच वाट बघतेय." आणि ओइवा कपातल्या कॉफीकडे बघत गालातल्या गालात हसायचा.

त्यांना एकच मुलगा झाला, यार्मो. तो पाण्यातच वाढला. उन्हाळ्यात दिवसातून कितीदा तो मान पोहून पार करायचा आणि पलीकडच्या खडकावरून आईला हात करायचा. गावाने जेव्हा जंगलातून, दलदलीतून आणि तळ्यांच्या काठाकाठाने लांब पायवाट काढायचं ठरवलं तेव्हा बापलेकांनी मिळून आपल्या भागात दलदलीवर फळ्या टाकल्या, झाडांवर निळ्या खुणा रंगवल्या आणि काठावर तीन भिंतींचा लाकडी निवारा उभा केला. मानेवर पूल बांधणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मग तिथे दोन होड्या ठेवल्या, ओइवाच्याच हातच्या.

त्या होड्यांचा नियम त्या भागात शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. प्रत्येक काठावर एक होडी राहिली पाहिजे. आलेल्या माणसाने आपल्या काठाची होडी घेऊन पलीकडे जायचं, तिकडची होडी मागे बांधून परत यायचं, एक इथे ठेवायची आणि दुसरीतून पुन्हा पलीकडे जायचं. म्हणजे एकदा पार व्हायला पाणी तीनदा कापावं लागतं. शहरातून आलेली माणसं पावसात, थकलेल्या हातांनी, कधी कधी एकदाच कापतात आणि निघून जातात. मग मागून येणारा काठावर उभा राहून हाका मारतो. ओइवाला या हाका पाठ होत्या. काही न बोलता तो जायचा, होडी पोचवायचा आणि यायचा.

यार्मो आणि त्याचं बिनसलं ते झाडांवरून. घराचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा ओइवाने काठावरची जुनी स्प्रूसची झाडं विकली. यार्मो तेव्हा शहरात शिकत होता. सुट्टीला आला तर काठ उघडा पडलेला. तो एवढंच म्हणाला, "मला विचारलं असतंस तर चाललं असतं." ओइवा म्हणाला, "लाकूड माझं होतं." झालं. दोघांनीही आवाज चढवला नव्हता. इर्या सांगायची, आदळआपट झाली असती तर बरं झालं असतं, भांडी परत आणता आली असती. त्यानंतर यार्मो आईला फोन करायचा. दर वर्षी ती पायवाट चालायचा, पण मानेपाशी पोचला की घराकडे न बघता पुढे जायचा. ओइवा शेडच्या खिडकीतून त्याची पाठ बघायचा.

होड्या हिवाळ्यासाठी काठावर ओढून उलट्या घालायच्या, त्याचा दिवस ठरलेला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळ्या संतांच्या दिवशी लोक थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या वर्षी मात्र थंडी लवकर पडली. खाड्यांच्या कडांना बर्फाची साय दिसू लागली. ओइवाची कंबर धरली होती. सणानंतर काउको ट्रॅक्टर घेऊन येणार होता. तोवर दोन्ही होड्या जवळ असलेल्या बऱ्या असा विचार करून त्याने सणाच्या आधीच पलीकडची होडी आणली आणि दोन्ही आपल्या धक्क्याला बांधल्या. एवढ्या उशिरा कोण चालत येतंय, असं त्याला वाटलं. इर्या चर्चच्या गायनाच्या तालमीला गेली होती. ती परत आल्यावर त्याने तिला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतंच काय.

सणाच्या आदल्या संध्याकाळी यार्मो पलीकडच्या काठावर पोचला. कळवलं नव्हतं, त्या भागात कुणी कळवून येत नाही. सकाळी आईबरोबर आजीच्या थडग्यावर मेणबत्ती लावावी, असं त्याच्या मनात असावं. मेणबत्ती त्याच्या पाठपिशवीत सापडली. फोन थंडीने बंद पडलेला होता. तळ्याला वळसा घालायचा तर अंधारात अर्धी रात्र दलदलीतून चालावं लागलं असतं. समोर घराचा दिवा दिसत होता. लहानपणी शेकडो वेळा पोहलेलं पाणी समोर होतं. त्याने हाका मारल्या की नाही, ते कुणालाच माहीत नाही. ओइवा आणि इर्या तेव्हा सौनात, वाफेच्या बंद खोलीत, बसले होते आणि तापलेल्या दगडांवर पाणी चुरचुरत होतं.

सकाळी पलीकडच्या धक्क्यावर लाल पाठपिशवी दिसली, ती ओइवालाच.

पोलीस आले, शोध घेणारे आले, गाव आलं. दोन्ही होड्या अलीकडे बघून सगळ्यांनी मनात तेच धरलं, जे कुणीही धरलं असतं. काउको थुंकला आणि म्हणाला, "तीनदा वल्ही मारायला हात झडतात या शहरवाल्यांचे." पोलिसाने ओइवाला विचारलं ते मुलाबद्दल, होड्यांबद्दल नाही. कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पहिल्या दिवशी त्याला तोंड उघडताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी इर्या म्हणाली, "ज्यांनी होडी तिकडे ठेवली नाही त्यांच्या घरी कधी दिवा लागू नये." त्यानंतर ते सांगणं रोज थोडं थोडं जड होत गेलं, आणि शेवटी त्याला ते उचलेना.

इर्या गाणं विसरली. ती जेवायची नाही, झोपायची नाही. अंथरुणात उघड्या डोळ्यांनी पडून असायची. तिने मानेपाशी एक फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर लिहिलं, आधी इथून गेलेल्यांनी होडी परत ठेवली नाही म्हणून माझा मुलगा या पाण्यात गेला. ती फळी ओइवानेच रंधली, रंगवली आणि रोवली. चालणारे तिथे थांबायचे, टोप्या काढायचे. ओइवा शेडमधून बघायचा. त्या दोन वर्षांत त्याने एकही होडी बांधली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी एक गाडी अंगणात आली. साठीच्या आसपासची एक बाई उतरली. सेइया तिचं नाव, निवृत्त शिक्षिका होती. हातात घरी केलेला वेलदोड्याचा गोड पाव होता. दारातच ती म्हणाली की त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती आणि तिचा नवरा राइमो मानेवरून गेले होते. फळीबद्दल तिला यंदा एका मैत्रिणीकडून कळलं.

इर्याने तिला आत घेतलं. आलेल्याला कॉफी न देता परत पाठवणं तिच्या रक्तातच नव्हतं. टेबलाशी तिघं बसली आणि सेइया सगळं सांगत गेली. पाऊस होता, वारा होता, राइमोच्या टाचेला फोड आला होता. ते पलीकडून इकडे आले. मग होडी परत न्यायची म्हणून दोघांपैकी कुणीतरी गेलं, असं तिला वाटत होतं. पण राइमो म्हणे तू गेलीस, ती म्हणे तू गेलास. आता कुणालाच नक्की आठवत नव्हतं. "आमच्यानंतरही कुणी गेलं असेल," ती म्हणाली, "पण मी स्वतःला तसं सांगत बसू शकत नाही. राइमोनं चालणंच सोडलंय. आम्ही दोघं एकमेकांशी नीट बोलत नाही. मला तुमच्यासमोर येऊन हे म्हणायचं होतं. बस."

ओइवाच्या तोंडात पावाचा घास होता. आत्ता, असं त्याने मनाशी म्हटलं. आत्ता नाही तर कधीच नाही. त्याने कप खाली ठेवला.

तेवढ्यात इर्याचा हात टेबलावरून पुढे गेला आणि सेइयाच्या हातावर पडला. दोन वर्षांत तिने स्वतःहून कुणाला हात लावला नव्हता.

"पावसात वल्ही मारून मारून हात गारठतात," इर्या म्हणाली. "मला माहितीये. तू जाणून नाही केलंस, बाई."

मग दोघी रडल्या. इर्या यार्मोच्या वेळीही अशी रडली नव्हती. ओइवाने कप पुन्हा उचलला.

निघताना तो गाडीपर्यंत पोचवायला गेला. सेइयाने दार उघडलं, तेव्हा तो छपराकडे बघत म्हणाला, "तुम्ही नव्हता."

तिला समजलं नाही.

"होडी तुम्ही तिकडे ठेवली होती. जागच्या जागी, नीट बांधून. मीच ती इकडे आणली. बर्फाच्या भीतीनं. सणाच्या आधी."

ती गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं.

"तिनं माझा हात धरला होता आत्ता," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही तिथंच बसला होतात. माझा पाव खात."

ओइवाने ओठांवरची साखर पुसली.

"मला माफ केलं त्यांनी. जे मी केलंच नाही त्यासाठी. त्या माफीचं मी काय करू, सांगा ना. घरी नेऊन राइमोला देऊ?" तिचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा कोरडा झाला होता. "तुम्ही सांगणार आहात का त्यांना?"

तो म्हणाला, माहीत नाही. ती म्हणाली की हे तिचं काम नाही, ती सांगणार नाही, आणि यापुढे या रस्त्याला येणारही नाही. गाडी वळताना तिने मागे पाहिलं नाही. एका माणसाच्या डोक्यावरचं ओझं आपण उतरवलं, असं तिथे उभं राहून त्याला वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की आता हे जाणणारं दुसरं कुणी जगात आहे आणि ते त्याचा तिरस्कार करतं.

तो आत आला. इर्या टेबलाशी बसून पाव खात होती. नुसता तुकडा मोडत नव्हती, भूक लागलेल्या माणसासारखी खात होती, बोटांना चिकटलेली साखर चाटत होती.

"काय बोलत होतास एवढं तिच्याशी?" तिने विचारलं.

आता तो सांगू शकत होता. शब्द मोजकेच होते, आत्ताच अंगणात बोलून झाले होते.

"रस्ता खराब आहे म्हटलं, वळणापाशी."

"बरं केलंस. घाबरट दिसते गाडी चालवताना." इर्याने आणखी एक तुकडा घेतला. "पण हिंमतीची आहे. आपल्या पायांनी आली, तोंडानं बोलली. तेच दडवून बसली असती ना ओइवा, आणि मला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं, तर मी तिच्या सावलीलाही उभी राहिले नसते. चूक काय, कुणाच्याही हातून होते. दडवणाऱ्याचं मला काही सांगू नको." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "तू का असा उभा? बस. खा."

तो बसला.

त्या रात्री ती झोपली. दुसऱ्या दिवशी तिने फळी काढायला सांगितली. ओइवाने पहारीने ती उपटली आणि शेडमागे नेऊन टाकली. गावात लोक म्हणू लागले, इर्याच्या चेहऱ्यावर रंग आला. रविवारी ती चर्चमध्ये गायला उभी राहिली, आणि काउको दुकानात ओइवाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझी बायको परत आली की रे. तू कधी येणार?" सगळे हसले. ओइवा काड्यापेटी घेऊन बाहेर पडला.

तो दिवसातून कितीतरी वेळा तिला सांगायला निघायचा. विहिरीपाशी, गोठ्याच्या दारात, ती कणीक मळत असताना. प्रत्येक वेळी ती गुणगुणत असायची किंवा काहीतरी खात असायची, आणि तो पाणी भरून द्यायचा, लाकूड आणून टाकायचा आणि परत जायचा. हळूहळू त्याला कळून चुकलं की तिला गप्प ठेवणारं जे होतं ते आता गेलं आहे आणि त्याच्यात येऊन राहिलं आहे. ते तिला परत दिल्याशिवाय त्याची सुटका नाही, आणि ते तो कधीच देणार नाही.

सप्टेंबरच्या एका दुपारी तिने त्याला बाकावर समोर बसवलं. जाड राखाडी लोकरीची लड त्याच्या दोन्ही हातांवर चढवली आणि ती तिचा गुंडा करू लागली. सेइयासाठी पायमोजे विणणार होती, ख्रिसमसच्या आत पाठवायचे होते.

"तिच्या पायाचं माप काय असेल रे? माझ्यापेक्षा लहान वाटला मला. तू नीट पाहिलंस ना, गाडीपाशी?"

"नाही पाहिलं."

"तुला कधी काही दिसतच नाही." ती हसली आणि भराभर धागा ओढत राहिली. "पत्ता आहे तिनं दिलेला. ती खूश होईल, बघ."

त्याचे हात आपोआप खाली येऊ लागले होते.

"वर धर," इर्या म्हणाली. "गुंता होईल."

त्याने हात वर धरले.