चौथ्या कोपऱ्याखाली

आमची ताई कुणाच्या घरी गेली, तरी आधी अंगणातली माती चिमटीत धरून चुरडते. धंदाच तो तिचा. इमारत उभी राहण्याआधी जमिनीत बोअर घेऊन खाली काय दडलंय ते बघायचं.

आमच्या नव्या घराचे बोअरही तिनंच घेतले. तीन कोपऱ्यांत पक्का मुरूम लागला. चौथ्यावर ठेकेदाराची सिमेंटच्या गोण्यांची शेड, मशीन उभं करायला जागाच नाही. अशा वेळी सगळे तिथंही तसंच असणार असं धरून चालतात. पाया भरायच्या दिवशी सकाळी शेड हलली, आणि ही बया मशीन घेऊन हजर.

"दुपारी काँक्रीटची गाडी येतेय, ताई," आमचे हे म्हणाले. आवाज गोड, कपाळावर आठ्या.

"येऊ दे की. भरायचं की नाही ते मी सांगेन."

मधल्यामध्ये माझं मरण. बहिणीची बाजू घेऊ की नवऱ्याची?

सासूबाईंना कशाचं काही नाही. त्याच कोपऱ्यात त्यांची खोली चुन्याच्या फक्कीनं आखलेली. मशीनपासून जरा बाजूला, पण रेघेच्या आत, त्या खुर्ची टाकून बसल्या. "इथं वारं छान येतं," म्हणाल्या.

मशीनचं वजन नळीच्या डोक्यावर धाडधाड आपटू लागलं. थोडं खाली जाताच नळी ठणकन अडली.

"लागला खडक. झालं समाधान?" ह्यांनी विचारलं.

ताई जागची हलली नाही. "नुसता दगड असेल. फोडून पुढं जा," तिनं मशीनवाल्याला सांगितलं. मला तिचा इतका राग आला की सांगायची सोय नाही. माणसानं हट्ट तरी किती करावा!

दगड फुटला. मग वजन न आपटताच नळी आपोआप खाली सरकली, आणि सरकतच राहिली. मशीनवाल्यानं हात मागे घेतले. वर आला तो काळा, कुबट चिखल आणि त्यात रबरी चपलेचा पट्टा.

"जुनी खाण आहे. कचऱ्यानं बुजवून वर दगड लोटलेत," ताई म्हणाली. "बाकीचं घर जागेवर राहिलं असतं, हा कोपरा खचला असता. भिंतींसकट."

ह्यांनी फोन लावला, "गाडी परत फिरवा," एवढंच म्हणाले. मग तडक सासूबाईंकडे गेले आणि त्यांना खुर्चीसकट उचलून रेघेबाहेर आणलं.

"अरे, काय झालं तुला?" सासूबाई विचारत राहिल्या. हे तिथंच, आईच्या पायाशी, खाली बसले.