पेनस्टँडमधला माइक

काकूंना ऐकू येत नव्हतं आणि ही गोष्ट साऱ्या जगात दोघांनाच ठाऊक होती. एक त्या स्वतः आणि दुसरा मोबाईलच्या दुकानातला म्हातारा. निदान काकूंचा तरी तसा समज होता. नवऱ्यालाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. त्यात फारसे कष्ट पडले नाहीत म्हणा. तो माणूस मुळातच दिवसाला चार वाक्यं बोलणारा, त्यातली तीन गुडघ्यांबद्दल. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो घरीच होता आणि घर काकूंच्या पगारावर चालत होतं.

काकू रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसत. बावीस वर्षं तीच खुर्ची. आलेल्या माणसाचं नाव, वय, कुठली तपासणी, उपाशी आहे की खाऊन आलाय, एवढं विचारून चिठ्ठीवर लिहायचं आणि माणसाला आतल्या खोलीत पाठवायचं. आत रक्त काढणारी बाई होती, काकूंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. काकू तिला मनातल्या मनात सुईवाली म्हणत, आणि काही प्रेमाने म्हणत नसत. काम म्हटलं तर सोपं होतं, पण सगळं कानाचं होतं.

तीन वर्षांपूर्वी आधी डावा कान गेला, मग उजव्यानेही हळूहळू अंग काढून घेतलं. तिथून कसरत सुरू झाली. माणसाचे ओठ वाचायचे. मास्क लावलेला आला की संपलंच. मग त्याच्या डॉक्टरांनी दिलेला कागद मागून घ्यायचा, ‘जरा तुमच्याच हाताने नाव लिहा बरं, म्हणजे चूक नको’ असं गोड बोलायचं. तेवढ्यानेही नाही भागलं तर अंदाज करायचा आणि ‘बरं बरं’ म्हणत मान डोलवायची. अहो, ऐकू न येण्याने माणूस किती दमतो हे धडधाकट कानाच्या माणसाला सांगून कळायचं नाही. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडावं तसं कानांचं काम डोळ्यांच्या, मानेच्या, कपाळाच्या गळ्यात पडतं. दुपारी चार वाजेपर्यंत काकूंच्या कपाळाची शीर उडायला लागायची. घरी गेल्यावर त्या हातातली पिशवी खाली न ठेवता तशाच खाटेवर बसून राहायच्या, आणि नवऱ्याला वाटायचं की बाई रागावली आहे.

मग सांगून का नाही टाकलं? बाहेरून शहाणपण शिकवायला आपलं काय जातंय! काकूंनी त्याच लॅबच्या जुन्या कॅशियरचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘डॉक्टर, हात थरथरायला लागलाय’ असं त्या भल्या माणसाने लॅबच्या मालक डॉक्टरांना आपणहून, प्रामाणिकपणे सांगितलं. आठवड्याभरात त्याला फुलांचा गुच्छ मिळाला, डॉक्टर चार शब्द चांगले बोलले आणि त्याच्या खुर्चीत दुसराच बसला. तेव्हापासून काकूंनी मनाशी गाठ मारली, झाकली मूठ सव्वा लाखाची. कानामागे लावायच्या यंत्राचं त्यांनी नावही काढलं नाही, कारण ते लोकांना दिसतं.

त्यात सुईवालीचा जाच वेगळाच. काकूंनी चिठ्ठी लिहून माणूस आत पाठवला की ही बया त्याला पुन्हा सगळं विचारणार. नाव काय, वय काय, खाल्लंय का काही. लोक वैतागून बाहेर येत आणि ‘एकदा बाहेर सांगितलं, मग आत कशाला?’ असं काकूंनाच सुनावत. एवढं मात्र काकूंना त्यांच्या तोंडावरून बरोबर कळायचं. बावीस वर्षांच्या कामावर या कालच्या पोरीचा भरवसा नाही, हे काकूंना फार लागलं होतं. तिच्याशी त्या कामापुरतंच बोलत, आणि ते काम चिठ्ठीवर भागत असे.

मोबाईलच्या दुकानात त्या गेल्या त्या खोटं बोलायलाच. लेकीने स्वतःचा जुना फोन दिला होता, तो वाजलेला कळायचा नाही, म्हणून त्याची रिंग बिघडली आहे असं त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं. म्हाताऱ्याने फोन हातात घेतला, आवाज पूर्ण वाढवला आणि आपल्या फोनवरून लावला. दुकानातली माणसं दचकून वळली. दारातलं कुत्रं उठून गेलं. काकू मात्र शांतपणे त्याच्याकडे बघत उभ्या, कधी वाजवतोय याची वाट बघत. म्हाताऱ्याच्या लक्षात काय यायचं ते आलं. भला माणूस तो. त्याने एका कागदावर लिहिलं, ‘माझी बायको अशीच होती. मी पाच वर्षं तिच्यावर उगाच ओरडत राहिलो. बसा.’

काकू बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर तरी ओठ वाचायचे नव्हते.

त्यानंतर दहा-बारा दिवस काकू रोज घरी जाताना त्या दुकानात अर्धा तास बसल्या. आपण फोन म्हणजे बोलायचं यंत्र समजतो. म्हाताऱ्याने त्या जुन्या फोनमधून काय काय बाहेर काढलं! फोन आला की मागचा दिवा लुकलुकायचा. मनगटावर एक पट्टा बांधला, तो फोन आला की थरथरायचा. अक्षरं एवढी मोठी केली की चष्मा नसला तरी चालावं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोरचा बोलेल ते फोनवर लिहून दाखवणारं अ‍ॅप. ते मुळात फोनमध्येच होतं, लेकीलाही कधी कळलं नव्हतं. नावं मात्र ते हमखास चुकवायचं, म्हणून नाव तेवढं कागदावरून उतरवून घ्यायचं असं ठरलं. काउंटरवरच्या गलक्यात फोनला नीट ऐकू जाईना, तेव्हा म्हाताऱ्याने एक बिनतारी माइक दिला, शर्टाच्या बटणाला लावायचा, बोटाच्या पेराएवढा. त्याचा जोडीचा तुकडा फोनच्या चार्जिंगच्या भोकात खुपसायचा. स्टँड झाला, माइक झाला, पट्टा झाला. नाकापेक्षा मोती जड, असं काकू स्वतःशीच म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

काकूंनी तो माइक काउंटरवरच्या पेनस्टँडमध्ये, पेनांच्या मधोमध, लोकांच्या बाजूला तोंड करून लपवला. फोन आपल्या बाजूला, रजिस्टरच्या आडोशाला स्टँडवर. माणूस बोलायचा, अक्षरं उमटायची, काकू मान खाली घालून लिहायच्या. पंधरा दिवसांत एकही माणूस तक्रार घेऊन परत आला नाही, एकही ‘काय म्हणालात?’ नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत फोन चार्ज करावा लागे. भोक एकच, म्हणून तुकडा काढून चार्जर लावायचा आणि जेवून उठलं की पुन्हा तुकडा. आणि गंमत बघा, सुईवालीनेही आत पुन्हा विचारणं हळूहळू बंद केलं. आली बाई एकदाची शुद्धीवर, असं काकूंना वाटलं.

थकवा मात्र गेला नाही. आता दिवसभर वाचायचं होतं. पण तो निराळा थकवा होता, घरी जाऊन झोपलं की उतरणारा.

त्या दिवशी काकू चार्जर घरी विसरल्या. जेवणाच्या सुट्टीत तुकडा काढायचं कारणच उरलं नाही. फोन तसाच हातात घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या. ही खोली काउंटरच्या भिंतीला लागूनच, जेमतेम एक टेबल आणि बेसिन. डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि किती वाजले ते बघायला फोन उचलला, तर पडद्यावर अक्षरं धावत होती. माइक पेनस्टँडमध्येच होता आणि बाहेर कुणीतरी बोलत होतं.

ते अ‍ॅप कोण बोलतंय ते सांगत नाही, सगळं एकाखाली एक लिहीत जातं. पण सुट्टीत लॅबचं दार बंद असे आणि बाहेर दोघेच होते, डॉक्टर आणि सुईवाली. वाक्यं वाचली की कुणाचं कुठलं ते कळत होतं. डॉक्टर जुन्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे चाळत बसले होते. तीन वर्षांच्या चिठ्ठ्यांत जिकडेतिकडे खाडाखोड आहे, म्हणत होते. ‘उपाशी’ खोडून ‘खाऊन’ केलंय, साखरेची तपासणी खोडून थायरॉइडची, वयं खोडलीत. दुरुस्तीचं अक्षर सगळं तुझं. आणि गेल्या पंधरा दिवसांत एकही खोडलेली चिठ्ठी नाही. हे काय आहे?

काकूंच्या हातातला घास तसाच राहिला. थायरॉइड. ‘उपाशी’. कुणी एक म्हातारा चहा-बिस्किटं खाऊन आल्याचं सांगत असेल आणि त्यांनी ‘बरं बरं’ म्हणून उपाशी लिहिलं असेल. एक नाही, असे कितीतरी. तीन वर्षं त्या ज्याला जाच म्हणत होत्या तो जाच नव्हता. ती पोर प्रत्येकाला पुन्हा विचारत होती, काकूंची चूक खोडत होती आणि बाहेर येऊन एक शब्द बोलत नव्हती. काकूंना लाज वाटली, अंगभर.

पडद्यावर पुढचं वाक्य आलं. काकूंना ऐकू कमी येतं का, असं डॉक्टर विचारत होते.

काकू त्या वाक्याकडे बघत राहिल्या. बेसिनच्या नळाचं पाणी टपकत होतं, ते त्यांना दिसत होतं.

मग अक्षरं आली. नाही डॉक्टर, तसं काही नाही. बाहेरून चिठ्ठी बरोबरच यायची. मीच आत चुकीचं वाचून खोडायचे आणि मग पेशंटला विचारून परत नीट करायचे. माझंच लक्ष नसायचं.

डॉक्टरांचं उत्तर ताबडतोब उमटलं. हातात सुई असलेल्या बाईचं तीन वर्षं लक्ष नसेल तर मी तुला ठेवू कसा? मागच्या वर्षीही तू रांग अडवतेस म्हणून तुझी पगारवाढ थांबवली होती. महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघ.

त्याखाली ‘बरं’ एवढा एकच शब्द आला.

आता इथे काकूंनी काय करावं, हे तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. घरी गुडघे धरून बसलेला नवरा होता. चिठ्ठ्या आता बरोबर येत होत्या, फोन चोख काम करत होता, आणि गप्प बसलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. एका मिनिटात हे सगळं काकूंच्या डोक्यातून गेलं. नाही गेलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि त्या तशाच बाहेर आल्या.

डॉक्टर गठ्ठा बांधत होते. सुईवाली भिंतीला टेकून उभी होती.

“डॉक्टर,” काकू म्हणाल्या. आपला आवाज किती मोठा होतोय ते त्यांना कळत नव्हतं. “या चुका माझ्या आहेत. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. हिने फक्त दुरुस्त केल्या. काढायचं तर मला काढा.”

डॉक्टर काहीतरी बोलले. बरंच बोलले. काकूंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलंच नाही, एवढी चैन त्यांनी करून घेतली. डॉक्टरांचं बोलून झालं, त्यांनी गठ्ठा काखेत मारला आणि ते आपल्या केबिनमध्ये गेले. त्यांचा राग उतरेल की नाही, गुच्छ येईल की नाही, ते संध्याकाळी कळणार होतं.

सुईवाली पुढे आली. काकूंच्या समोर नीट उभी राहिली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी, आणि सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलली. तीन वर्षं ती काकूंशी अशीच बोलत आली होती आणि काकू त्याला शिष्टपणा समजत होत्या.

“कशाला बोललात काकू? मी निभावून नेलं असतं.”

“तीन वर्षं निभावलंस की,” काकू म्हणाल्या. “दमली नाहीस का गं?”

बाहेर दारावर कुणीतरी थाप मारत असावं, कारण तिने एकदा तिकडे पाहिलं, पण ती जागची हलली नाही. मग पेशंटसाठी ठेवलेल्या बाकावर बसली आणि तिने दोन्ही हात मांडीवर टाकले.

“दमले,” ती म्हणाली.