विठाबाईचा हंबरडा

विठाबाईला गणपतीच्या देखाव्यात घ्यायची अक्कल शाहूपुरीतल्या मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव यांची. बाई उचगावहून रोज त्यांच्याच दुकानात झाडलोट करायला यायची. सात वर्षांमागं तिच्या मूळच्या वाडीवर डोंगर खचला आणि बेचाळीस माणसं गाडली गेली; त्यात तिचा लेक, सून आणि सहा वर्षांची नात पूर्णिमा. सावळी, पुढचे दात पडलेली पोर. घरासोबत फोटोही गेले. तिचं तोंड उरलं ते फक्त म्हातारीच्या डोळ्यांत.

"मावशी, यंदा सजीव देखावा दरडीचाच हाय. तुमचं काम तुम्हीच करायचं. लोकास्नी कळू दे की!" हंबीरराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो, पण एकदा हौस आली की त्याला पुढचं-मागचं दिसायचं नाही.

प्रत्येक खेळाच्या शेवटी माईकवरनं मेलेल्यांची नावं वाचायची ठरली. लेकरांची नावं चार लोकांच्या कानावर पडतील, एवढ्यासाठी विठाबाई तयार झाली.

तालमीत तिनं घडलं तसंच केलं. त्या सकाळी ती डेअरीत दूध घालून परतली होती. घराच्या जागी चिखल बघून, रिकामी किटली मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसून राहिली होती. टिपूस नाही, शब्द नाही.

देखावा बसवणारा धैर्यशील वैतागला. "अवो मावशी, असं बसून कसं चालंल? पब्लिक थांबणार न्हाय. ऊर बडवा, पोरीच्या नावानं हंबरडा फोडा!"

"तवा मी रडलोच न्हाय, बाबा."

"मग आता रडा की!"

आणि घ्या, तिनं तेही शिकून घेतलं! झगा घातलेली एक गोरीगोमटी शाळकरी पोर खोट्या चिखलात निजायची. विठाबाई तिला उपसून छातीशी धरायची आणि "पूर्णेऽ" म्हणून ओरडायची. रोज संध्याकाळी आठ-आठ खेळ. रस्ता तुंबायचा, बायका डोळे पुसायच्या, मोबाईल वर व्हायचे. पहिला नंबर आला. हंबीररावांनी स्टेजवर साडीचोळी दिली, वाकून पाया पडले. आणि नावं? ती वाचायला वेळच पुरला नाही म्हणे. काय बोलायचं अशा लोकांना!

विसर्जनानंतरच्या सोमवारी दुकान झाडता झाडता विठाबाई मट्‌कन खाली बसली. हंबीरराव धावत आले. "काय हुतंय, मावशी?"

"पूर्णीला बघायला डोळं मिटलं, तर ती झग्यातली पोरगीच याय लागलीया. सकाळधरनं बघतोय. माझी येतच न्हाय, मालक. कुठं घालवलासा तिला?"