वनाला कोणी धरेना

वना झुलाल बोदवडकडच्या एका खेड्यातल्या महारवाड्यातला. इंग्रजी शिकायला तो जळगावात आला, वसतिगृहात राहिला आणि सन चौतीस साली हायस्कुलाच्या हुतूतूच्या संघात गेला, तेव्हा त्याच्या बापानं अख्ख्या वाड्यात गूळ वाटला. वर्गात वना दाराशी वेगळ्या तरटावर बसायचा, पाणी वरून ओतलेलं प्यायचा. संघाच्या फळ्यावर मात्र त्याचं नाव बाकीच्या आठ जणांच्या रांगेत लिहिलं होतं. त्या रांगेत टिकायला तो काहीही करायला तयार होता.

रोज पहाटे तो मेहरूणच्या तळ्याकाठी एका दमात धावायचा. छाती फुटायची वेळ आली तरी तोंडातलं 'हुतूतू' तुटू द्यायचा नाही. असा दम जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नाही, अशी त्याची खात्री होत चालली होती, आणि निकालही तसेच लागत होते. वना चढाईला गेला की समोरचे गडी मागे मागे सरत, सरता सरता रेघेबाहेर जाऊन बाद होत. कमरेला मिठी नाही, पायाला हात नाही. चार सामने झाले, वना एकदाही धरला गेला नाही. पोरगं भोळं. त्याला वाटायचं, आपल्या वेगाला भितात.

बचावाच्या वेळी बाकीचे हातात हात घालून साखळी धरत. कप्तान शालिग्राम त्याला सांगायचा की तू एकटा कोपऱ्यात उभा राहा, ती जागा फार जोखमीची असते. वनानं तेही खरं मानलं. जोखमीची जागा आपल्याला दिली म्हणून तो वसतिगृहात मिरवलासुद्धा.

शेवटचा सामना धुळ्याला. धुळेकर काही दुधखुळे नव्हते. काट्यानं काटा काढावा तसा त्यांनी ऐन वेळी एक रुंद खांद्यांचा नवा मुलगा उतरवला. डाव शेवटाला आला, जळगावकडे वना एकटा उरला. दम घेऊन तो आत शिरला, तोच त्या मुलानं मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. वना उधळला, आपटला, मातीत तोंड घासत रेघेकडे सरकत राहिला. रेघ वीतभर राहिली आणि दम तुटला. सामना गेला. पण खरं सांगायचं तर मातीत पडलेला वना आनंदात होता. आज पहिल्यांदा कोणीतरी त्याला जीव खाऊन धरलं होतं.

सामन्यानंतर पंगत बसली. वनाचं पान लांब, गोठ्याजवळ मांडलं होतं. शेजारी दुसरं पान, आणि त्यावर तोच मुलगा. सुपडू त्याचं नाव. वनानं त्याच्या पकडीची तोंडभरून तारीफ केली. सुपडूनं मान वर केली नाही.

"माले खेळता येस नही," तो म्हणाला. "माले फक्त तुले धराकरता आनेल शे. बाकीना पोरे तुले हात लावतस नही ना."

वनानं हातातला घास पानात ठेवला. रेघेबाहेर पळणारे गडी, कोपऱ्यातली ती जोखमीची जागा, सगळं त्याला एकदम कळलं. तळ्याकाठी त्यानं जे रक्त आटवलं, त्याची कोणाला गरजच नव्हती. त्याच्या वाड्यातला एखादा पांगळा उभा केला असता तरी भागलं असतं.

जळगावला आल्यावर गरज सरो, वैद्य मरो. फळ्यावर वनाचं नाव नव्हतं. तो संघाच्या मास्तरांकडे गेला आणि आपलं कुठं चुकलं ते विचारलं. मास्तर वाईट नव्हते. वाईट माणूस निदान शिवी देतो, ती झेलता येते. हे मऊपणानं बोलले.

"तुझं काही चुकलं नाही रे. पण आता जो तो असा एखादा मुलगा आणून ठेवील. मग तुझा उपयोग काय?"

वना नमस्कार करून निघाला. पुढे तो मॅट्रिक झाला, भुसावळला रेल्वेत लागला, त्याचे केस पिकले. शाळेच्या संघात होता हे कळलं की जोडीदार विचारत, नाना, किती सामने खेळलात?

"एकच," तो म्हणायचा. "धुळ्याला हरलो तो."