दोनच पायडलांची गाडी

मला स्वतःच्या अकलेचा जरा जास्तच गर्व आहे, असं माझी बायको रोज सांगते. ट्रकचा, ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. भोकरदन-जाफराबादहून लोक जालन्यात माझ्याकडे येतात, ते काही माझं तोंड बघायला नाही. त्यामुळे शेठजींची जुनी अमेरिकन गाडी दोरीनं ओढत गॅरेजात आली, तेव्हा मी आत न डोकावताच हो म्हणून बसलो.

शेठजींची कापसाची जिनिंग बदनापूर रस्त्याला. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथंच गेल्या. गाडी त्यांच्या वडिलांची. स्टीअरिंग डावीकडे, गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच, आणि खाली क्लच नाहीच. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोनच पायडल. कित्येक वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. दीड वर्षापूर्वी साखरेच्या दुखण्यात शेठजींचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तेव्हा त्यांना तिची आठवण झाली.

"पोरं म्हणतात नवी ऑटोमॅटिक घेऊ," ते मला म्हणाले. "घेतील बी. पण तिची चावी त्यांच्याच खिशात राहील. दीड वर्षात मी एकटा कुठंच गेलो न्हाई, मिस्तरी. संडासाच्या दारातपण कोणीतरी उभं राह्यतं. ही गाडी माझी हाय. हिच्यावरच मी शिकलो."

त्यांच्या थोरल्या मुलानं मला बाजूला घेतलं. "काका, पुण्याचं एक गिऱ्हाईक ही गाडी मागून राह्यलं. दिवाळीपर्यंत चालली तर ठीक, न्हाई तर देऊन टाकू."

आता खरं सांगायचं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी जन्मात उघडला नव्हता. उघडला आणि पहिल्याच दिवशी एका प्रश्नानं मला धरलं. साध्या गाडीत गिअर माणूस बदलतो. इथं बदलतो कोण? वायर नाही, कॉम्प्युटर नाही. आत नुसतं तेल, आणि ते खेळवायला एक लोखंडी ठोकळा. ठोकळ्यात मुंग्यांच्या वारुळासारख्या वाटा, आणि वाटांमध्ये बोटाएवढ्या सरकत्या झडपा. मी एका भोकात हवेचा पाइप धरायचो, हवा कुठल्या भोकातून निघते ते बोटानं चाचपायचो आणि फरशीवर खडूनं तशी रेघ ओढायचो. आठ दिवस हाच उद्योग. डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "रांगोळीचा क्लास काढला का?"

नवव्या दिवशी ते कळलं. गाडीचा वेग वाढला की तेलाचा दाब वाढतो, दाबानं झडप थोडीशी सरकते, नवी वाट उघडते आणि दुसरा गिअर पडतो. ठरवणारं तेल आणि करणारंही तेलच. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसत बसलो. हे ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

गिअरबॉक्समधल्या जळलेल्या प्लेटा बाहेरून मागवल्या. आठवडाभर फोनवर एका गोऱ्या मिस्तरीचा व्हिडिओ आवाज बंद करून बघितला, कारण त्याचं बोलणं कळत नव्हतं, हात कळत होते. तो धुतलेल्या भागांना फडकं म्हणून लावत नव्हता, तसेच वाळू द्यायचा. मी म्हटलं, आळशी दिसतोय. माझ्याकडे तर शेठजींनी जिनिंगमधून धाडलेलं मऊ रुईचं पोतंच होतं. मी एकेक झडप डिझेलनं धुतली, रुईनं चकचकीत पुसली आणि बसवली.

गाडी सुरू झाली, चालली, आणि पहिल्याच गिअरमध्ये बोंबलत राहिली. दुसरा पडेचना. पुन्हा खोललं, पुन्हा पुसलं, पुन्हा बसवलं. तेच. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि मी शेठजींचा फोन उचलणं टाळायला लागलो होतो.

तिसऱ्यांदा खोललं तेव्हा ते स्वतःच कुबड्या घेऊन आले आणि खुर्चीवर बसून राहिले. त्यांच्यासमोर मी झडप उभ्या भोकात सोडली. ती आपल्या वजनानं खाली घसरायला हवी होती, पण अर्ध्यात अडकली. काढून उन्हात धरली, तर तिच्या खाचेत केसांसारखं काहीतरी चिकटलेलं. मला वाटलं, ब्रशचा केस असेल. चिमट्यानं काढून शेठजींच्या हातावर ठेवलं.

त्यांनी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ते हळूच ओढलं, शेतकऱ्याच्या गाठोड्यातला कापूस पारखावा तसं. तंतू वेगळे केले, काळ्या पँटीवर सरळ मांडले, लांबी बघितली.

"मिस्तरी, हे तर आपलंच हाय," ते म्हणाले. "मी धाडलेल्या पोत्यातलं. त्या रुईची बिलकुल हीच तार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "शेठजी, मीच पुसलं हो. दोन्ही खेपेला."

"मी धाडलं, तुम्ही पुसलं. मंग आता काय पंचायत बसवायची का? जल्दी करा."

मी फडकं, चिंधी, रुई, सगळं गॅरेजबाहेर फेकलं. भाग धुतले, हवेनं वाळवले, तेलाच्या हातानं बसवले. ज्याला आळशी म्हटलं होतं त्या माणसाची मनातल्या मनात माफी मागितली.

दिवाळीला चार दिवस असताना शेठजी स्टीअरिंगवर आणि मी शेजारी, असे आम्ही बदनापूरच्या बाजूला निघालो. वेग वाढला आणि दुसरा गिअर असा पडला की अंगाला धक्कासुद्धा लागला नाही. एका सोयाबीनच्या वावराशी त्यांनी गाडी थांबवली.

"उतरा."

"काही आवाज आला का?"

"न्हाई. उतरा म्हणलं."

मी उतरलो. गाडी पुढं निघाली, वळणावर गेली, दिसेनाशी झाली. इतक्यात खिशातला फोन वाजला. थोरला मुलगा होता.

"काका, बाबूजी कुठं हायेत?"

"गाडी घेऊन गेले."

"त्यांच्यासोबत कोण हाये?"

लांबून इंजिनाचा आवाज चढला, मग एकदम हलका झाला. दुसरा पडला.

"कोणीच न्हाई," मी म्हणालो.